मिसाओचा शिक्का

भिक्षू गेले, आणि सकाळपासून गुडघे मोडून बसलेल्या माणसांनी एकदाचे पाय पसरले. वडिलांच्या मृत्यूनंतरचा एकोणपन्नासावा दिवस पार पडला होता. अस्थी उतारावरच्या घराण्याच्या थडग्यात ठेवून झाल्या होत्या, मंत्र झाले होते, उदबत्तीचा धूर अजून खोलीत रेंगाळत होता, आणि आता जेवण तेवढं उरलं होतं. जेवणानंतर काय उरलं होतं, तेही घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण अजून कुणी त्याचं नाव काढलं नव्हतं.

मिसाओ स्वयंपाकघरात उभी राहून जवाचा गार चहा पेल्यांत ओतत होती. माहेरी आली की तिचे हात आपोआप ओट्याकडे वळत. लग्न होऊन योनागोला गेल्याला पस्तीस वर्षं होऊन गेली, पण या घरात ती पाहुणी म्हणून कधी बसलीच नाही, आणि घरची म्हणून तिला कुणी बसवलंही नाही. तिची काळी पर्स ओट्याच्या कोपऱ्यावर होती. पर्समध्ये तिच्या नावाचा शिक्का होता, सहीच्या जागी उमटवायचा. धाकटा भाऊ कात्सुनोरी याने फोनवर बजावून सांगितलं होतं, ताई, येताना शिक्का विसरू नकोस. वडिलांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. घर, अंगण आणि मागचा नाशपातीचा डोंगरउतार, सगळं अजून त्यांच्याच नावावर होतं. ते कात्सुनोरीच्या नावावर चढायचं तर आईचा, भावाचा आणि बहिणीचा, असे तिघांचेही शिक्के उमटायला हवे होते.

आई, म्हणजे तोमे, काठी टेकत आत आली. पंच्याऐंशीला टेकली होती, पण नजर अजून चाकूसारखी होती.

"आणलायस ना?" तिने विचारलं.

"आणलाय."

"मग जेवण झालं की उमटवून मोकळी हो. भिक्षूंच्या मागोमाग घरात कटकट नको."

कात्सुनोरी बागेचं पुढे काय करणार आहे हे तुला माहीत आहे का, असं मिसाओने विचारलं. तोमे म्हणाली, बाग मुलाची, तो काय करायचं ते करील. मुलगा आहे म्हणून बाग आहे. हे वाक्य तिने इतक्या वर्षांत इतक्या वेळा म्हटलं होतं, की ते म्हणताना तिला विचार करावा लागत नसे.

मिसाओला मात्र ते ऐकताना दर वेळी एक जुना दिवस आठवे. ती अठराची होती. प्रांताच्या शेतकी कॉलेजात मुलींना घ्यायला सुरुवात होऊन फार दिवस झाले नव्हते. शाळेतल्या बाई स्वतः घरी आल्या होत्या, या मुलीला पाठवा, हिला झाडं कळतात म्हणून सांगायला. वडिलांनी बाईंना चहा दिला, गोड बोलले, आणि त्या गेल्यावर म्हणाले, परक्या घरी जाणाऱ्या पोरीला छाटणी शिकवून मी काय दुसऱ्याच्या बागा सजवू? तीन वर्षांनी त्याच कॉलेजात त्यांनी कात्सुनोरीला घातलं. त्याला आगगाडी चालवायची होती. तो रडत गेला. तो तिकडे असतानाच वडिलांची पाठ धरली, ते अंथरुणाला खिळले, आणि दोन हंगाम सगळी बाग मिसाओने पाहिली. थंडीत छाटणी, वसंतात फुलांना पिसांच्या कुंचल्याने पराग लावणं, मग विरळणी, फळाफळाला कागदी पिशवी, फवारणी, तोडणी. दुसऱ्या वर्षी त्यांच्या फळांना गावाच्या बाजारात पहिला मान मिळाला. मग कात्सुनोरी शिकून परत आला, आणि पुढचा बर्फ वितळायच्या आत मिसाओचं लग्न झालं.

आणि गेल्या वर्षी त्याच वडिलांनी, त्याच तोंडाने, नातीला त्या कॉलेजात पाठवलं होतं.

"आत्या, चल ना जरा वर बागेत. जेवायला वेळ आहे अजून."

दारात चिगुसा उभी होती. कात्सुनोरीची मुलगी. काळा पोशाख गुडघ्यापर्यंत खोचलेला, आणि पायांत चिखलाचे रबरी बूट. तोमेने कपाळाला आठ्या घातल्या, पण नात तोवर आत्याचा हात धरून बाहेर पडलीसुद्धा.

वर मांडवाखाली सावली होती. डोक्यावर तारांच्या जाळीवर आडव्या पसरलेल्या फांद्या, आणि त्यांना लटकलेल्या मेणकागदाच्या शेकडो पिशव्या. तोडणीला अजून तीन-चार आठवडे होते. मिसाओने सवयीने एक पिशवी खालून तळव्यावर तोलली. वजन भरत आलं होतं.

चिगुसा तिला बागेच्या पार टोकाला घेऊन गेली. तिथली काही झाडं गेल्या वर्षी मरायला टेकली होती. मुळांना पांढरी बुरशी लागली होती. पानं आक्रसलेली, फळं लिंबाएवढी. कात्सुनोरीने ती तोडायचं ठरवलं होतं. पण चिगुसाने कॉलेजात त्याच रोगावर काम हाती घेतलं. कॉलेजातून यंत्र मागून आणलं आणि झाडाच्या बुडाभोवती नळ्या अंथरून तासन्‌तास कढत पाणी मुरवलं. माती अशी तापवायची, की बुरशी मरेल आणि मूळ मरणार नाही.

"दोघांच्या सोसण्यात थोडासाच फरक असतो गं," ती म्हणाली. "तेवढ्यात बसवायचं. आजोबा इथं खुर्ची टाकून बसले होते दिवसभर. म्हणाले, मला कधी कुणी एवढी अंघोळ घातली नाही. आणि आता बघ."

मिसाओने पाहिलं. झाडाला हिरवीगार, रुंद पानं होती. नवी फूट हातभर वाढली होती. तिने खोडावर हात ठेवला. या झाडाची छाटणी तिने स्वतः केली होती, विशीत असताना. डाव्या बाजूची मोठी फांदी तिनेच वळवून तारेवर घेतली होती. ती फांदी अजून तशीच होती, मनगटाची मांडी झाली होती एवढंच.

चिगुसा बोलत राहिली. कॉलेजातल्या पहाटेच्या हजेरीबद्दल, वसतिगृहात एकाच खोलीत राहणाऱ्या गाईवाल्या मुलीबद्दल, तिच्या बुटांच्या वासाबद्दल. मार्चमध्ये शिक्षण पुरं होईल. सर म्हणालेत, घरची बाग असेल तर पहिली काही वर्षं सरकार हात देतं. जुन्या झाडांपैकी अर्धी राखायची, अर्ध्या जागेत नवी कलमं लावायची, तीही जोडून, एका झाडाचा शेंडा दुसऱ्याच्या खांद्याला कलम करून, म्हणजे अख्खी रांग एकच झाड होतं आणि लवकर फळं धरतं. सांगताना तिचे हात हवेत रांगा ओढत होते.

मग ते हात थांबले.

"बाबा बाग काढणार आहेत, आत्या. या तोडणीनंतर. सगळा उतार सोलर पॅनेलवाल्यांना द्यायचा ठरलंय. आजीला अजून सांगितलेलं नाही. तू शिक्का दिलास की झालंच." तिने आत्याकडे पाहिलं. "नको देऊस. निदान मार्चपर्यंत तरी. मी पास होऊन येते, मग माझं म्हणणं त्यांना ऐकावंच लागेल."

मिसाओला बोलायला क्षणही लागला नाही. "नाही देणार," ती म्हणाली. "जा, निश्चिंत रहा." आणि ते ती मनापासून म्हणाली होती. पोरीने तिच्या गळ्यात हात टाकले, बुटांचा चिखल तिच्या काळ्या पोशाखाला लागला, आणि मिसाओला वाटलं, पस्तीस वर्षांनी का होईना, या उतारावर आपलं म्हणून काहीतरी घडतंय.

परत उतरताना एका डहाळीवर एकमेकींना खेटून दोन पिशव्या दिसल्या. विरळणीत राहून गेलेलं फळ. मिसाओने त्यातलं लहान फळ खुडायला हात वर केला, तशी चिगुसाने तिचं मनगट हळूच धरलं.

"तसं नाही आत्या, देठाशी ओढ बसते. हे असं, वर उचलून." आणि तिने करून दाखवलं. सर लहान मुलांना दाखवतात तसं, हसून, न दुखवता. "तुला सवय राहिली नसणार म्हणा. आजोबा सांगायचे, लग्नाआधी तूपण हाताखाली मदत करायचीस थोडीफार."

"हं," मिसाओ म्हणाली.

उरलेली वाट चिगुसाच बोलत होती.

जेवण मोठ्या खोलीत मांडलं होतं. गावातून मागवलेले लाखेचे डबे, त्यांत शिजवलेल्या भाज्या, तिळाचं टोफू, भात. भिंतीवर वडिलांचा फोटो. दूरचे नातेवाईक थडग्यापासूनच परतले होते. आता घरचेच पाच जण होते. कात्सुनोरी वडिलांच्या जागी बसला होता. कमरेला रुंद पट्टा बांधलेला, पाठ सरळ ठेवायला. त्याच्या शेजारी त्याची बायको रित्सुको, खाली मान घालून सगळ्यांच्या वाट्या भरत.

त्याने आडवळण घेतलं नाही. भात संपवला, जेवायच्या काड्या खाली ठेवल्या आणि सांगून टाकलं. या वर्षीचं पीक शेवटचं. नंतर झाडं निघतील, उतार कंपनीला भाड्याने जाईल. कागद तयार आहेत.

तोमेचा घास हातातच राहिला. "झाडं निघतील म्हणजे?"

"तोडणार, आई."

"तुझ्या आज्याने लावलेली झाडं?" तिचा आवाज चिरकला. "बर्फात पाठीवरून माती वाहिली होती त्याने त्या उतारावर. तू तोडणार? आणि ही पोरगी शिकतेय ती कशासाठी मग?"

चिगुसाने चमकून आजीकडे पाहिलं. या बाजूने मदत येईल असं तिला वाटलं नव्हतं. ती पुढे सरकली आणि बोलू लागली. वर मांडवाखाली जे आत्याला सांगितलं ते सगळं, फक्त जास्त नीट, प्रात्यक्षिकात सरांपुढे बोलावं तसं. कात्सुनोरीने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"छान शिकवतात," तो म्हणाला. "मलाही छानच शिकवलं होतं. त्याच वर्गात. फळ्यावर वादळ येत नाही चिगुसा. रानडुकरं येत नाहीत. खालच्या वाडीत किती घरांत दिवा लागतो बघितलंस का येताना? पिशव्या बांधायला येणाऱ्या बायका सत्तरीच्या आहेत, त्या पुढच्या वर्षी शिडीवर चढतील का सांग. तू एकटी राहशील त्या उतारावर."

"राहीन."

"मी राहिलोय. म्हणून सांगतो." तो पहिल्यांदा तिच्याकडे न बघता बोलला. "तुला कॉलेजात आजोबांनी पाठवलं. मला विचारलं नव्हतं. मला पाठवलं तेव्हाही विचारलं नव्हतं. या बागेत कधी कुणी मला विचारलंच नाही. आता माझं नाव लागतंय, तर ती माझ्याबरोबर संपू दे."

चिगुसा आईकडे वळली. कॉलेजात पहिल्या दिवशी रित्सुकोनेच तिला गाडीतून सोडलं होतं, बिछाना उचलून वर नेला होता, वसतिगृहाच्या दारात उभी राहून रडली होती. आई आपल्याच बाजूची, हे पोरीने गृहीत धरलेलं होतं.

रित्सुकोने वाडगं खाली ठेवलं. तिची बोटं सांध्यांवर सुजलेली होती. पिशव्यांच्या तारा पिळून पिळून ती तशीच राहिली होती. "मला हवंय हे संपायला," ती हलकेच म्हणाली. "तुला आवडतं म्हणून मी गप्प बसले. म्हटलं, दोन वर्षं शिकेल, कुठेतरी कृषी खात्यात चिकटेल. पण तू या घरातच परत यायचं म्हणतेस. मी तुला वाढवलं ते या शिडीवर चढवायला नाही."

"आई."

"मी सून म्हणून आले, मला इलाज नव्हता. तुला आहे."

 मग तोमे पुन्हा झाडांचं बोलू लागली, तसा कात्सुनोरीने आवाज न चढवता सांगितलं, आई, बाग ठेवायची असेल तर ठेवू, पण मग मी आणि रित्सुको ओसाकाला जाऊ. चिगुसाचा भाऊ तिकडे नोकरीला आहे, तोच बोलावतोय. तू आणि चिगुसा रहा इथे.

 तोमेने एकदा नातीकडे पाहिलं, एकदा मुलाकडे. वाडग्यातला उरलेला भात तिने हळूहळू, एकेक घास, संपवला. आणि मग म्हणाली, "घर मुलाचं. मुलगा म्हणेल तसं." त्या दिवशी तिच्या तोंडून आलेलं झाडांबद्दलचं ते शेवटचं वाक्य.

चिगुसाचे डोळे भरले होते, पण ती रडली नाही. तिच्या हातात एकच हुकमाचं पान उरलं होतं आणि ते तिने टाकलं.

"आत्या शिक्का देणार नाहीये," ती म्हणाली. "मला शब्द दिलाय तिने."

सगळे मिसाओकडे वळले. त्या खोलीत इतके डोळे एकदम तिच्यावर लागायची ही पहिलीच वेळ असावी.

"ताई?" कात्सुनोरी म्हणाला.

"तू मध्ये पडू नकोस," तोमे म्हणाली. "तू या घरातून गेलीस."

"मध्ये का नाही पडायचं?" चिगुसा आजीवर उसळली. "इथे प्रत्येकाला काहीतरी हवंय, आजी. बाबांना सुटायचंय, आईला सुटायचंय, मला बाग हवीय. आत्याला काहीच नकोय. तिला बागेची ओढ कधी नव्हतीच, तिचा यात काडीचा स्वार्थ नाही. म्हणून तीच काय ते खरं सांगेल."

पोरगी चांगल्या मनाने बोलली होती. तिला दुसरं काही माहीतच नव्हतं. मिसाओला तिचा राग आला नाही, निदान तेव्हा नाही. तिने आईकडे पाहिलं. या खोलीतल्या दोन माणसांना खरं काय ते ठाऊक होतं. शाळेतल्या बाई घरी आल्या तेव्हा चहा आईने केला होता. ते दोन हंगाम भल्या सकाळी ती मांडवाकडे निघायची तेव्हा डबा आईने बांधला होता. आता आईने फक्त एवढं म्हणायचं होतं, अगं पोरी, तुला माहीत नाही. तोमे डब्याच्या कडेला काड्या सरळ करत होती.

मिसाओ भावाकडे वळली. "कात्सुनोरी, तू कॉलेजात होतास तेव्हा बाग कोण बघत होतं?"

त्याने पेल्यात पाहिलं. पेला रिकामा होता.

"बाबाच की," तो म्हणाला.

"जुनं कशाला उकरतेस आजच्या दिवशी," तोमे म्हणाली.

चिगुसा एकाकडून दुसऱ्याकडे बघत होती. प्रश्नाचा आणि बागेचा संबंध तिला लागेना. ती आत्याकडे बघून धीर दिल्यासारखी हसली. 

पुढे कित्येक महिने ती त्या क्षणाशी हुज्जत घालत राहिली. आईवरच्या रागाने केलं, भावाच्या खोटेपणाने केलं, असं तिने स्वतःला पटवून पाहिलं. पण तसं नव्हतं. त्या क्षणी तिला फार स्वच्छ दिसलं होतं. बाग संपली, तर तिच्याकडून जे हिरावलं गेलं ते तसंही संपणारच होतं. त्यासाठी रडण्यात अर्थ नव्हता. पण ही पोर मार्चमध्ये पास होऊन आली, रबरी बूट घालून त्या उतारावर उभी राहिली, तिच्या नावाने फळं बाजारात गेली, तर मग मुलीला बाग देता येत होती. तेव्हाही येत होती. कसलीच अडचण नव्हती. फक्त कुणाच्या मनात आलं नव्हतं. आणि हे उरलेलं सगळं आयुष्य, दर तोडणीला, दर वर्षी, डोळ्यांनी बघत राहायचं. ते तिला झेपणार नव्हतं.

तिने पर्स उघडली.

"कुठे उमटवायचं?" तिने विचारलं.

कात्सुनोरीने कागद पुढे सरकवले. तो इतका गोंधळला होता, की लाल शाईची डबी उघडताना झाकण त्याच्या हातून निसटलं. मिसाओने शिक्का शाईवर टेकवला, नावापुढे धरला आणि अंगठ्याने घट्ट दाबला. शिक्का स्पष्ट उमटला.

"आत्या," चिगुसा म्हणाली. एवढंच. मिसाओला वाटलं, ती ओरडेल, कागद ओढेल. तिने ओरडावं असं तिला वाटत होतं.

"तू तरुण आहेस," मिसाओ म्हणाली. "दुसरीकडे कुठेही जमेल तुला."

 चिगुसाने गुडघे नीट मोडले, दोन्ही तळवे चटईवर टेकले, आणि थडग्यापाशी आलेल्या परक्या माणसांना केला होता तसा खाली वाकून नमस्कार केला.

"तुम्ही लांबून आलात, त्रास घेतलात," ती म्हणाली. "संध्याकाळच्या गाडीसाठी तुम्हाला स्टेशनवर सोडते."

बाळपणापासून ही पोर तिला अगं-तुगं करत आली होती.

निघताना कात्सुनोरी फाटकापर्यंत आला. चिगुसा गाडी काढत होती. त्याने मागे वळून घराकडे पाहिलं, आणि कुणी ऐकत नाही अशी खात्री करून म्हणाला, "ताई, मला सगळं आठवतं. त्या दोन वर्षांची फळं माझ्या हातून पुन्हा कधी झाली नाहीत. पण तिच्यासमोर कसं म्हणणार होतो? तुला जोर चढला असता."

"मग आता कशाला म्हणालास?"

 "तुला बरं वाटावं म्हणून."

मिसाओ गाडीत बसली. स्टेशनपर्यंत चिगुसाने तिला दोनदा विचारलं, खिडकी लावू का म्हणून, आणि दोन्ही वेळा तुम्ही म्हणून विचारलं.

ऑक्टोबरात रित्सुकोचा फोन आला. तिला बोलायला दुसरं माणूस नव्हतं, म्हणून नणंदेला केला. झाडं तोडायला माणसं सांगितली होती म्हणे, पण चिगुसा कॉलेजातून रजा काढून आली आणि म्हणाली, मीच तोडते. करवतीचं यंत्र चालवायला तिला तिथेच शिकवलं होतं. तीन दिवस ती वर होती. खाली जेवायला येई, जेवून जाई. बापाने हात लावायचा प्रयत्न केला तर म्हणाली, तुम्ही बाजूला उभे रहा, फांदी कुठे पडेल सांगता येत नाही. शेवटच्या दिवशी तिने टोकाची ती झाडं पाडली, ज्यांना पाणी घातलं होतं. सासूबाई खिडकी लावून बसल्या होत्या. "वन्सं," रित्सुको म्हणाली, "मला वाटलं होतं, संपलं की हलकं वाटेल." 

नोव्हेंबरात कॉलेजचा मेळावा असतो. मुलांनी पिकवलेलं मुलं विकतात, गावोगावची माणसं येतात. मिसाओ सकाळच्या गाडीने निघाली. नवऱ्याला सांगितलं, कोबी स्वस्त मिळतो. काय बोलायचं हे तिने आठवडाभर ठरवलं होतं: शाळेतल्या बाई, वडिलांचा चहा, ते दोन हंगाम, टोकाच्या झाडाची डावी फांदी. सगळं सांगायचं होतं. क्षमा मागण्यासाठी नाही. पोरीला निदान कळावं, की तिच्या आत्याने काय केलं आणि का केलं.

ती कॉलेजच्या फाटकातून आत गेली. इथे ती आयुष्यात पहिल्यांदाच येत होती. काचघरं, गोठे, बैठ्या इमारती, आणि त्यांच्या मागे छाटणीला आलेला नाशपातीचा मांडव, रांगा दोरीत धरल्यासारख्या. मुलं-मुली निळ्या कामाच्या कपड्यांत पळत होती. मुलीही तितक्याच होत्या. ती क्षणभर एका रांगेपाशी उभी राहिली, मग पुढे गेली.

फळांच्या टेबलापुढे रांग होती. चिगुसा पलीकडे उभी होती. केस आखूड कापलेले, चेहरा उन्हाने रापलेला. उशिरा येणारी, नारळाएवढी मोठी नाशपाती ती एका हाताने उचलून, दुसऱ्या हाताने जाळीत बसवून देत होती, झरझर. मिसाओचा नंबर आला.

चिगुसाने मान वर केली. ओळख लपवायचा तिने प्रयत्नही केला नाही. तिने फक्त इतरांना केलं होतं तसं किंचित वाकून विचारलं, "किती देऊ?"

"चिगुसा," मिसाओ म्हणाली. "मला तुझ्याशी..."

"दोन दिली तर चालतील? घरात माणसं कमी असतील तर दोन पुष्कळ होतात." तिने दोन फळं निवडली. नीट निवडली, चांगली दिली. "ही लगेच कापू नका. महिनाभर गार जागी ठेवा, गोडी वाढते." तिने पिशवी दोन्ही हातांनी पुढे केली. "आलात, आभारी आहे."

मागच्या माणसाने पुढे पाऊल टाकलं. मिसाओला बाजूला व्हावं लागलं. पिशवी जड होती. ती टेबलाच्या कडेशी हात बदलायला थांबली.

मागून आलेला म्हातारा गप्पिष्ट होता. पोरीच्या हातांकडे बघत तो कौतुकाने म्हणाला, फळ धरण्यावरूनच कळतं, पिढ्यान्‌पिढ्या नाशपाती करणाऱ्या घरातली दिसतेस. कुठली बाग तुमची?

चिगुसा हसली. मोकळं, गिऱ्हाइकाला आवडेल असं हसली.

"नाही हो आजोबा," ती म्हणाली. "आमच्या घरात हे कुणालाच येत नव्हतं. शिकलेली मी पहिलीच."